तात्या गेला. आठवणी असतील त्या इथं लिहा

घाटवेडा
ग्रुपवर सगळ्यांना कळलंच आहे, तरी इथं वेगळा धागा काढतोय कारण ग्रुपवर मंगळवारपासून हात जोडलेले दोनशे इमोजी आलेत आणि माणसाबद्दल धड एक ओळ नाही. तात्या मंगळवारी पहाटे गेला. पंचगंगेवर सगळं झालं, आपल्यातले सतरा-अठरा जण होते, काल रक्षाविसर्जनाला पण होते.

बाहेरचे वाचत असतील त्यांच्यासाठी सांगतो. तात्या म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या रविवारच्या सायकल ग्रुपातला सगळ्यात म्हातारा मेंबर, वय ६७, शिरोलीत एका फौंड्रीत पॅटर्न शॉपला आयुष्य काढलं, रिटायर झाल्यावर २०१३ ला आमच्यात आला. रेस नाही, मेडल नाही, आम्ही सगळे हौशी, पन्हाळा-जोतिबा, कधी गगनबावडा, कधी खिद्रापूर, येताना मिसळ, बास. तात्या पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या मागं चालवायचा. आम्हाला दोनेक वर्षं वाटत होतं की वयामुळं मागं पडतोय. मग एकदा गगनबावड्याच्या राइडला मळ्यातनं कुत्रं मागं लागलं आणि हा गडी आमच्या पुढनं असा गेला की आम्ही बघतच राहिलो, आणि दोन किलोमीटरवर एका बांधावर ऊस खात बसलेला सापडला.

गणपतीपासून येत नव्हता. विचारलं की म्हणायचा, गुडघा वाजायलाय रे, थंडी पडली की बघू. गुडघा नव्हता. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता आणि त्याला जूनमधीच कळलं होतं. ऑगस्टमधी माझ्या बरोबर जोतिबा केलाय त्यानं. मला हे पचत नाहीये म्हणून लिहायला बसलो. तुम्ही पण लिहा, चांगलंच लिहायला पाहिजे असं काही नाही, तात्या काय संत नव्हता.

मिसळ_आणि_मैल
काय लिहू. मी पण होतो जोतिबाला त्या दिवशी. पायऱ्यांपाशी तात्या म्हणाले मी खालीच सायकली बघतो तुम्ही जाऊन या. नेहमी म्हणायचे तसंच म्हणाले म्हणून काही वाटलं नाही.

कोकणातला_कोल्हापुरी
भावपूर्ण श्रद्धांजली.

लेडीबर्ड४२
मी तर तात्यांच्यामुळंच चढ चढायला शिकलो. (पुण्यामुंबईच्या लोकांनी दचकू नये, मी बाईच आहे, आमच्याकडं बायका गेलो-आलोच म्हणतात.) २०१८ ला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी पोरीची लेडीबर्ड सायकल घेऊन ग्रुपात आलो, गिअर नाही, पुढं बास्केट, अंगात पंजाबी ड्रेस आणि ओढणी गाठ मारून. बाकीचे लोक चांगलेच होते, पण सगळे असे पुढं जाऊन थांबायचे आणि मी पोचलो की "चला" म्हणून लगेच निघायचे, म्हणजे त्यांना विश्रांती आणि मला नाही. तात्या मागं. काही बोलायचे नाहीत, शिकवायचे पण नाहीत, नुसतं मागनं फ्रीव्हीलचा टिकटिक आवाज यायचा.

पहिल्यांदा पन्हाळा केला तेव्हा वाघबीळला डावीकडं वळलो आणि माझा दम संपला. विचारलं, तात्या किती राहिलं? म्हणाले, तीन किलोमीटर. म्हटलं ठीक आहे, तीन म्हणजे काय रंकाळ्याला जाऊन येण्यासारखं. चढलो. बुधवार पेठेपाशी जीव चाललाय असं झालं, परत विचारलं, किती राहिलं? "तीन." मी म्हटलं मघाशी पण तीन होते. तर म्हणाले, "मघाशी चढाचे तीन होते, हे वळणाचे तीन." पुढं एका वळणावर मी सायकल टाकून कठड्यावर बसलो आणि रडलो, खरंच रडलो, घरी पोरीचा डबा करून आलोय, झोप नाही, हे कशाला करायलोय असं झालं. तात्या शेजारी बसले. खिशातनं गुळाचा खडा काढला, त्याला लागलेलं कापडाचं सूत नखानं काढलं, आणि दिला. मी विचारलं नाही तरी म्हणाले, "तीनच राहिलं बघ." आणि पन्हाळ्याचा नाका पुढच्या वळणावरच होता, दोनशे मीटरवर.

म्हणजे जवळ आलं तरी तीनच!!! तेव्हा लई राग आलेला.

बिडाचं_कास्टिंग
तीन किलोमीटरचा किस्सा ग्रुपातल्या प्रत्येकाकडं असेल, पण त्याच्या मागचं फौंड्रीवाल्यांनाच कळेल म्हणून सांगतो, मी तात्यांच्या बरोबर नऊ वर्षं काम केलंय, मी मोल्डिंगला ते पॅटर्नला.

पॅटर्न म्हणजे लाकडाचा नमुना, तो वाळूत दाबून साचा करतात आणि त्यात बीड, म्हणजे वितळलेलं ओतीव लोखंड, ओततात. आता बीड गार होताना आक्रसतं, फुटाला साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून पॅटर्न मुद्दाम तेवढा मोठा करावा लागतो, आणि प्रत्येक मापाचा हिशोब करत बसायला नको म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच वेगळी असते, श्रिंकेज स्केल, तिच्यावर एक फूट लिहिलेलं असतं ते खऱ्या फुटापेक्षा एक सूत जास्त असतं. नवीन पोरगं शॉपला आलं की हमखास चुकून साधी पट्टी उचलायचं आणि जॉब बारका निघायचा. तात्या शिव्या द्यायचे, पण मॅनेजर आला की म्हणायचे पट्टी मी दिली होती.

तर मी एकदा त्यांना विचारलं की तुम्ही लोकांना किलोमीटर खोटं का सांगताय, तर म्हणाले, "खोटं कुठं, आमची पट्टीच मोठी. माणूस गार झाला की आक्रसतोय, मग धरायला नको का?"

ह्यावर मी आत्ता हसतोय आणि बायको विचारायलीय काय झालं.

घाटवेडा
हे मला बारा वर्षांत माहीत नव्हतं. च्यायला.

स्पोकतुटला
मी आता जर्मनीत असतो, २०१६ ते २०१९ ग्रुपात होतो. तात्यांची एक गोष्ट, जी ते स्वतः कधी सांगणार नाहीत कारण त्यात ते फेल आहेत.

२०१७ ला आम्ही चार जणांनी २०० ची बीआरएम केली. माहीत नसणाऱ्यांसाठी, ही रेस नसते, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत करायचे, मधल्या कंट्रोल पॉइंटला कार्डावर शिक्का घ्यायचा, पहिला आला काय आणि शेवटचा आला काय सारखंच, पण साडेतेराच्या वर एक मिनिट गेलं तरी राइड धरत नाहीत. तात्यांनी तयारी जोरदार केली होती, रोज पहाटे उठून कागलपर्यंत जाऊन येत होते, आणि मुख्य म्हणजे पहिल्यांदाच काहीतरी स्वतःसाठी करतायत असं दिसत होतं. आम्ही तिघं साडेअकरा तासांत पोचलो. तात्या नाहीत. बारा झाले, साडेबारा झाले, तेरा झाले. फोन बंद. तेरा तास बावन्न मिनिटांनी आले, शेजारी एक सांगलीकडचा पोरगा, ओळख ना पाळख, त्याच्या मागच्या चाकाचे दोन आरे तुटलेले, रिम आउट होऊन ब्रेकला घासत होती, आणि तात्यांनी रस्त्याकडेला चाक खोलून बाकीचे आरे ढिले-घट्ट करत ते चालण्यापुरतं सरळ केलं होतं. मधी पुन्हा बिघडलं, पुन्हा केलं. दोघांचीही राइड धरली नाही. पोरगा सारखं सॉरी म्हणत होता. आयोजकांना पण वाईट वाटत होतं, पण नियम तो नियम.

मी जरा चिडूनच म्हटलं, तात्या तुम्ही मदत पाठवा म्हणून आम्हाला फोन करायचा आणि पुढं यायचं. तात्यांनी पाणी प्यालं, तोंड पुसलं आणि म्हणाले, "आरं चाक गोल झालं ना." बास एवढंच. त्यांनी परत कधी बीआरएम केली नाही. मी कितीतरी वेळा म्हटलं फी मी भरतो. म्हणायचे रात्रीचं दिसत नाही मला.

इथं बर्फ पडतोय आणि माझ्या बॅगेत त्यांनी दिलेली बांबूची पट्टी अजून आहे, टायर काढायची. प्लास्टिकच्या दोन तुटल्या, ही नाही.

मिसळ_आणि_मैल
बांबूची पट्टी! माझ्याकडं पण आहे. टोक कसं घासलंय बघा, ट्यूबला चावत नाही अजिबात. नवीन मेंबर तीन रविवार सलग आला की चौथ्या रविवारी देत होते, त्याच्या आधी नाही. "तीन वेळा आला तर टिकणार."

वडणगेकर
मला दिली नव्हती. मी दोनच रविवार आलो सलग, मग सुगी. असो.

त्यांनी मला पंक्चर काढायला शिकवलं ते सांगतो, कारण यूट्यूबवर कुणी हे सांगत नाही. खिद्रापूरला जाताना माझी ट्यूब बसली, बाभळीचा काटा. मी नवीन ट्यूब घालून हवा भरली, शंभर मीटरवर परत बसली. तात्या आले, म्हणाले काटा काढलास का टायरातनं? म्हटलं दिसला नाही. म्हणाले दिसत नसतोय. आणि मी आतनं बोट फिरवायला लागलो तर माझ्या हातावर फटका मारला. खिशातनं जुन्या धोतराचा तुकडा काढला, टायरच्या आतनं हळू फिरवला आणि एका ठिकाणी कापड अडकलं. काट्याला सूत धरलं होतं. तिथं बाहेरनं बघितलं तर काही म्हणजे काही नाही, आतनं तांदळाच्या कणीएवढं टोक. आणि ट्यूबमधलं भोक शोधायला पाणी नव्हतं तर ट्यूब गालाजवळनं फिरवली, म्हणे गालाला वारं कळतंय, हाताला नाही, हात आमचे घट्टे पडलेले.

मग कोपेश्वराच्या देवळात पोचल्यावर सगळे फोटो काढत होते आणि हे स्वर्गमंडपात वर गोल मोकळं आभाळ बघत उताणे झोपले. पुजारी येऊन बोलले. तरी पाच मिनिटं उठले नाहीत.

रेडियमवाला_नव्हे
मी लिहू का नको असा दोन दिवस विचार करतोय. काही जण मला नावाने ओळखतील. माझं आणि तात्यांचं भांडण झालं होतं आणि ते मिटलं नाही.

२०२२ च्या जानेवारीत, राधानगरी रोड, हळदीच्या पुढं. ऊस सीझन चालू. ट्रॅक्टर आणि मागं दोन ट्रॉल्या, भरलेल्या, आणि मी मागच्या ट्रॉलीला हात धरून चाललो होतो. मजा म्हणून. आपल्याकडं शाळेतली पोरं करतातच की, मी पण केलंय लहानपणी. तात्या मागनं बोंबलत आले, मला वाटलं चेष्टा करतायत, मी पण ओरडलो "या तात्या लिफ्ट आहे". पुढं खड्डा आला, ट्रॉली हलली, मी हात सोडला आणि पडलो नाही, पण थोडक्यात. तात्यांनी सायकल आडवी टाकली आणि सगळ्यांच्या समोर माझ्या कानफटात मारली. मी त्यावेळी ३४ वर्षांचा, दोन पोरांचा बाप, बँकेत ऑफिसर. मी तिथनं सायकल वळवली ती परत ग्रुपात आलो नाही. तात्यांनी दोनदा फोन केला, मी उचलला नाही. एकदा महाद्वार रोडला समोरून आले तर मी गल्लीत वळलो.

मला मारायला नको होतं हे मी अजून पण म्हणतो. सॉरी, पण म्हणतो. आणि तरी काल मी स्मशानात लांब उभा होतो.

घाटवेडा
बघितलं होतं तुला. हाक मारायला पाहिजे होती, मारली नाही, चुकलं.

एक सांगतो, तुला सांगायचं का नाही कळत नाही पण आता सांगतो. तू गेलास त्याच्या पुढच्या रविवारपासून तात्याच्या कॅरिअरला रेडियमचा रोल आला. लाल. दोन इंची. कारखान्याच्या बाहेर ट्रॉल्या नंबर लावून उभ्या असतात, रात्र रात्र, तिथं हा सायकल लावायचा आणि प्रत्येक ट्रॉलीच्या मागच्या फळीला फडक्यानं धूळ पुसून पट्टी लावायचा. बैलगाडी असेल तर मागच्या आडव्या दांड्याला. ड्रायव्हर आधी शंका घ्यायचे, हा आरटीओचा का कोण. मग बीडकडची ऊसतोडीची माणसं चहा द्यायला लागली. आम्ही चेष्टा करायचो की तात्या आता दुकान टाका. कशामुळं सुरू केलं ते त्यानं कधी सांगितलं नाही आणि मी पण कधी जोडून बघितलं नाही. आत्ता तुझी पोस्ट वाचताना तारखा जुळल्या.

रेडियमवाला_नव्हे
हे सदस्यनाव मी का घेतलं माहिताय? सीझनला रात्री घरी येताना ट्रॉल्यांवर त्या पट्ट्या दिसायच्या, वाकड्या लावलेल्या, कात्रीनं नाही तर ब्लेडनं कापलेल्या. मला वाटायचं कोण येडा आहे.

नंतर लिहितो.

गिअरवाली_पाहिजे
नमस्कार, तीस हजारात चांगली गिअरची सायकल कुठली, पन्हाळा चढायला? हायब्रिड का एमटीबी (माउंटन बाइक)?

कोकणातला_कोल्हापुरी
अहो धागा काय, तुम्ही विचारताय काय. जरा वर वाचा.

घाटवेडा
असू दे रे. तात्यानं सगळ्यात आधी ह्याचंच उत्तर दिलं असतं. हायब्रिड घ्या, एमटीबीचे शॉक चढाला उलट ताकद खातात. ब्रँडपेक्षा फ्रेमचं माप बघा, स्वतः जाऊन बसून बघा, ऑनलाइन मागवू नका. पुढं छोटी चकती आणि मागं मोठी चकती असलेली बघा म्हणजे चढाला पाय फिरत राहील. उरलेल्या पैशात हेल्मेट, पंप आणि मागचा लाल लाइट. आणि तीन रविवार सलग या.

डबलसीट
पुराची गोष्ट कोण लिहितंय का? नाही तर मी लिहितो, माझ्या घरची आहे.

२०१९ चा महापूर. धोक्याची पातळी ४३ फूट आणि पाणी ५५ च्या वर, हायवे शिरोलीत पाण्याखाली, शहरात टँकर येईना, पेट्रोल फक्त अत्यावश्यक सेवेला. माझी आई इन्शुलिनवर, आमच्याकडं लाइट नाही, फ्रिज बंद, घरातलं इन्शुलिन संपत आलेलं आणि जवळची दोन्ही मेडिकल पाण्यात. मी ग्रुपवर नुसतं विचारलं की कुठलं मेडिकल चालू आहे. तासाभरानं तात्या दारात. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेले, गळ्यात तो चहाचा स्टीलचा थर्मास अडकवलेला, त्यात बर्फ, आणि बर्फात पिशवीत गुंडाळलेल्या दोन व्हायल. राजारामपुरीतनं आणल्या, आमचं घर पार दुसऱ्या टोकाला, मधी कुठं कुठं सायकल खांद्यावर घेऊन आले. आईनं म्हटलं बसा, चहा ठेवते. तर म्हणाले, "वहिनी चहा नको, थर्मास मोकळा करून द्या, अजून दोन घरं हायत."

आईला अजून त्यांचं नाव माहीत नाही. "थर्मासवाले" म्हणते. तिला अजून सांगितलं नाही गेले म्हणून.

सिंगलगिअर
सगळे चांगलं चांगलं लिहायलेत म्हणून मी जरा वेगळं लिहितो, घाटवेड्यानं परवानगी दिलीच आहे. तात्या कंजूस होते, मिसळीला कधी स्वतः बिल दिलेलं मी बघितलं नाही, उलट एक्स्ट्रा कट आणि जादा ब्रेड मागून घ्यायचे, गल्ल्यावरच्या माणसाशी दोन रुपयांवरनं वाद घालायचे. ई-बाइकवाल्यांना टोमणे मारायचे, एका डॉक्टरांनी त्यामुळं येणं बंद केलं. सेल्फीला थांबलं की बेल वाजवत राहायचे, टिंग टिंग टिंग, फोटो होईपर्यंत. आणि गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिल्याशिवाय राइड सुरू करू द्यायचे नाहीत, मला ते दूध पचत नाही, सहा वर्षं मी त्यांची नजर चुकवून ग्लास शेजारच्याला दिला.

लिहून बरं वाटलं. आता कोण ओरडणार.

लेडीबर्ड४२
ग्लास तुम्ही मला द्यायचा. त्यांना माहीत होतं.

बिडाचं_कास्टिंग
बिलाचं खरं आहे पण रेडियमचा रोल काय फुकट येतोय काय. असो, वाद नको.

होळीचं कुणी लिहिलं नाही. आपल्याकडं महापालिका अंत्यविधी फुकट करते आणि लाकूड वाचवायला शेणी (गोवऱ्या) वापरतात, त्यासाठी होळीला "होळी लहान करा, शेणी दान करा" असतं, तालमी-मंडळं ट्रॉलीनं नेऊन देतात. तात्यांनी आम्हाला सायकलवरनं न्यायला लावलं, दरवर्षी, प्रत्येकी पाच. रेसिंग सायकलींना कॅरिअर नसतंय, मग कोण पाठीवरच्या सॅकमधी, कोण हँडलला पिशवी अडकवून, लाखाच्या कार्बन सायकलवर शेणी लादून सगळी वरात पंचगंगेवर. एकदा एकाची पिशवी फाटून रस्त्यात सगळ्या विखुरल्या तर तात्या सिग्नलला गाड्या थांबवून गोळा करत होते, एक फुटली तिचे तुकडेपण घेतले.

मंगळवारी शेणी रचताना मी तेच बघत होतो. फुटक्या वेगळ्या ठेवलेल्या होत्या, त्या पण लावल्या.

मिसळ_आणि_मैल
आता पुढचं बोलूया का. रविवारी राइड आहे ती तात्यांच्या नावानं करायची असं ठरतंय. तीन सूचना आल्यात. एक, सगळ्यांना तात्यांचा फोटो छापलेली जर्सी. दोन, पन्हाळ्याला एकत्र फोटो आणि दोन मिनिटं शांतता. तीन, स्पीडवाल्या पोरांचं म्हणणं स्ट्राव्हा ॲपवर पन्हाळा घाटाचा रेकॉर्ड तात्यांच्या नावानं मारायचा.

सिंगलगिअर
तात्यांच्या नावानं रेकॉर्ड??? अरे त्यांचा जन्म गेला लोकांना हळू चालवा सांगण्यात.

लेडीबर्ड४२
जर्सी नको. त्यांना स्वतःचा फोटो आवडत नव्हता. जर्सीच्या पैशाचं रेडियम घेऊया, सीझन आता चालू होतोयच.

घाटवेडा
लेडीबर्डला माझं मत.

चेनउतरली
मी स्पीडवाल्या पोरांपैकीच एक. रेकॉर्ड नको तर नको, पण मी स्ट्राव्हावर एक सेगमेंट, म्हणजे वेळ मोजायचा रस्त्याचा तुकडा, काढलाय, वाघबिळाच्या बाजूचा शेवटचा चढ ते नाका, नाव "तात्याचे तीन". अंतर बरोबर ३ बसवलंय.

बिडाचं_कास्टिंग
चुकलं. साधी पट्टी घेतलीस. फुटाला एक सूत धर, ३.०३ पाहिजे.

चेनउतरली
😂 केलं. ३.०३. नाक्याच्या तीस मीटर पुढं संपतोय आता.

रेडियमवाला_नव्हे
रेडियम मी आणतो. पैसे गोळा करू नका. पण मला लावायला येऊ दे.

घाटवेडा
ये की. त्यात विचारायचं काय. ५.३० ला शिवाजी पूल. आणि मागं कोण थांबणार ते ठरवायला पाहिजे, आता कुणाचं कुणी मागं बघत नाही, गेल्या दोन महिन्यांत दोनदा नवीन पोरं मागं राहून घरी परत गेली आणि आपल्याला मिसळ खाताना कळलं.

डबलसीट
आळीपाळीनं करूया, महिन्याला एक.

सिंगलगिअर
आळीपाळी केली की कुणीच करत नाही. ह्या रविवारी मी थांबतो. पुढचं पुढं. मला तसं पण घाई नसते.

नवीन_सदस्य_७१
नमस्कार. मी तात्यांची मुलगी. पुण्यात असते, सध्या घरी आहे. हा धागा कुणीतरी पाठवला, काल रात्री आईला सगळा वाचून दाखवला. मिसळीच्या बिलाच्या पोस्टला आई सगळ्यात जास्त हसली, म्हणाली खरं आहे, घरात पण तेच.

थर्मास अजून आहे, झाकण बसत नाही. कपाटात रेडियमचे सात रोल सापडले, आईला गेली तीन वर्षं वाटत होतं की बाबा नंबरप्लेटचा जोडधंदा करतायत आणि पैसे सांगत नाहीत. ते रोल पण घ्या. आणि बांबूच्या पट्ट्या आहेत अकरा, घासून तयार, एक अर्धी आहे. त्या कशाच्या आहेत ते आम्हाला कळत नव्हतं.

ज्यांनी भांडणाचं लिहिलंय त्यांना एक सांगायचंय. बाबा तो किस्सा घरी सांगायचे. मारायला नको होतं असं तेही म्हणायचे.

रविवारी मी आले तर चालेल का? सायकल पंधरा वर्षं चालवली नाही. त्यांचीच घेऊन येईन म्हणते, आईला विचारलंय, ती जा म्हणाली. पण मागचं चाक बसलंय, हवा भरली की तासाभरात जाते. दुकानात टाकू का?

घाटवेडा
ताई नक्की या. दुकानात टाकू नका.

वडणगेकर
व्हॉल्व्ह कसला आहे? बारीक, वर स्क्रू असलेला, का मोटरसायकलसारखा जाड? त्याप्रमाणं पंप आणतो.

नवीन_सदस्य_७१
मला कळत नाही त्यातलं. फोटो टाकू का?

वडणगेकर
नको राहू दे, दोन्ही आणतो. उद्या संध्याकाळी सहाला येतो घरी. जुनं सुती कापड असेल तर काढून ठेवा, धोतराचं वगैरे.

नवीन_सदस्य_७१
आहे. सीटखालच्या पिशवीतच आहे.